सगळ्या पोरांत एक दिवा

बंधाऱ्यावरच्या रस्त्याचे दिवे नगरपालिकेने वटवाघळांसाठी बंद केले, तेव्हा ओल्डेझाइल गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत वीपकेही होती. उन्हाळा होता, रात्री दहालासुद्धा लख्ख दिसायचं, आणि वटवाघळांबद्दल कुणाच्याच मनात काही वाकडं नव्हतं. नोव्हेंबर उजाडला, किंवा खरं सांगायचं तर उजाडलाच नाही, तेव्हा गावाच्या लक्षात आलं की आपली पोरं याच रस्त्याने सायकली हाणत शहरातल्या शाळेला जातात, आणि सकाळी त्या वेळेला तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी कळत नाही.

त्यात बीटाचा हंगाम. साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर रस्ताभर चिखलाचे गोळे सांडत जातात. समोरून आलेला ट्रॅक्टर चुकवताना अशाच एका गोळ्यावरून वीपकेच्या मारीतची सायकल घसरली आणि पोरगी कडेच्या चरात गेली. पाणी कमरेएवढंच होतं. हिरवं शेवाळ माखून ती घरी परतली आणि दारातच म्हणाली, "आई, त्या ट्रॅक्टरवाल्याला मी दिसलेच नाही गं."

दिसणार कशी? तिच्या सायकलला रबराने अडकवलेला जो दिवा होता, तो शर्टाच्या बटणाएवढा होता आणि उजेडही बटणाएवढाच द्यायचा. वीपकेने त्याच क्षणी ठरवलं, पोरीला चांगला दिवा घ्यायचा. प्रखर, आणि परवडणारा.

दुसऱ्या कुठल्या गावातली बाई सरळ दुकानात गेली असती. पण ओल्डेझाइलमध्ये जी गोष्ट एकापेक्षा जास्त घरांना लागते ती सगळ्यांनी मिळून ठरवतात. आपल्याच पोरीला झगझगीत दिवा लावून पाठवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या पोरांना अंधारातली म्हणण्यासारखं. तेव्हा वीपकेने विषय पालकांच्या बैठकीत मांडला, आणि तिथेच तो अडकून बसला.

बैठक राइन्डरच्या घरी. राइन्डर कालव्यांच्या पाण्याची पातळी बघणाऱ्या खात्यात होता. पाणी वर जाऊ द्यायचं नाही आणि खाली जाऊ द्यायचं नाही, हे काम तो इतकी वर्षं करत होता की माणसांच्या बाबतीतही त्याला तेवढंच जमायचं. त्याच्या बायकोने प्रत्येकाला कॉफी दिली, डबा फिरवून एकेक बिस्कीट दिलं आणि डब्याला झाकण लावलं.

"प्रखर हवा," वीपके म्हणाली.

"प्रखर म्हणजे किती?" राइन्डरने विचारलं.

"ट्रॅक्टरवाल्याला पोरगी दिसेल इतका."

शूर्डने पाय लांब केले. ट्रॅक्टर त्याचेच होते, बीटही त्याचंच, आणि चिखलही. "म्हणजे माझ्या ड्रायव्हरचे डोळे फोडणार तुम्ही?"

"फोडत नाही रे. उघडले तरी खूप झालं."

लोक हसले. शूर्डही हसला, पण त्याने किंमत विचारली, आणि ऐकल्यावर हसायचा थांबला. "सायकलला दिवा लावताय की विमानाला? आमच्या लहानपणी कुठे होते दिवे?"

"तुमच्या लहानपणी ट्रॅक्टर कुठे होते?" वीपके म्हणाली.

एल्स्के इतका वेळ हात वर करून बसली होती. वटवाघळांची बाजू गावात तीच बघायची. "पांढरा उजेड त्यांना सहन होत नाही. लाल घ्या."

"लाल मागे लावतात, एल्स्के," वीपके म्हणाली. "पुढे लाल लावला तर पोरं शाळेतून उलटी परत येतायत असं वाटेल."

"वाटलं तर वाटलं. वटवाघळांना काय फरक पडतो?"

राइन्डर म्हणाला, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. हे तो प्रत्येक मुद्द्याबद्दल म्हणायचा.

पुढच्या बैठकीला तो नमुन्याचे दिवे घेऊन आला. दारालगतच्या बोळातला दिवा मालवून सगळे पालक खुंट्यांवरच्या कोटांच्या रांगेखाली दाटीवाटीने उभे राहिले आणि भिंतीवर उजेड पाडून बघू लागले. एक दिवा फार प्रखर निघाला, एक फार महाग, एक फार लाल. त्यापुढची बैठक बॅटरी बदलायची की चार्ज करायची यावर गेली. मग पोरांचं मत घ्यावं असं ठरलं. पोरं म्हणाली, दिवा राहू दे, शाळाच उशिरा भरवा. तेही मत महत्त्वाचं आहे, असं राइन्डर म्हणाला. कुणी कुणाला विरोध म्हणून केला नाही. विरोध झाला असता तर निदान कुणीतरी हरलं असतं आणि दिवा आला असता.

मारीत रोज सकाळी तोच बटणाएवढा दिवा लावून निघत होती, आणि ती शाळेत पोचल्याचा निरोप येईपर्यंत वीपके नाश्त्याला हात लावत नव्हती.

शेवटी एका शनिवारी ती चोरासारखी शहरात गेली आणि दिवा घेऊन आली. दुकानदाराने तो काउंटरखाली लावून दाखवला. उजेड वरच्या बाजूने सुरीने कापावा तसा सपाट होता, समोरच्याच्या डोळ्यांत जात नव्हता, आणि खाली जमिनीवर चादर अंथरावी तसा पसरत होता. दोघांनी एकदा बाहेर जेवावं तेवढीही किंमत नव्हती.

"कुणी विचारलं तर आजीने दिला म्हण," तिने मारीतला बजावलं.

"आजीला सायकल येत नाही, आई."

"म्हणूनच देईल ना."

तिचा नवरा आउके पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "झालं. आता आपल्याला गावाबाहेर काढणार."

गावाबाहेर कुणी काढलं नाही. झालं ते त्याहून वाईट. पुढच्या बैठकीत राइन्डर खुलला होता. "मी स्वतः खिडकीतून बघितलं. मारीतचा दिवा एवढा छान आहे की तो सगळ्यांना पुरतो! आता प्रत्येकाने वेगळा घ्यायची गरजच नाही. मारीतने फक्त पुढे राहायचं."

"आणि वारा?" वीपके म्हणाली. सगळा हिवाळा वारा समुद्राकडून येतो, आणि शाळाही समुद्राकडेच आहे. जो पुढे असतो तो वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाने गप्पा मारत जातात.

"वारा काय सगळ्यांनाच असतो," शूर्ड म्हणाला.

सगळे तिच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की तिने मान हलवली. राइन्डरच्या बायकोने डबा उघडला आणि तिच्यापुढे दुसरं बिस्कीट धरलं. असं त्या घरात आजवर कुणासाठी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून मारीत सायकल चालवत नव्हती, ती गावाचा दिवा वाहून नेत होती. निरोप येऊ लागले. मारीत थोडी लवकर निघेल का? उजेड जरा डावीकडे करता येईल का? रात्री चार्जिंगला लावलाय ना? पोरगी शाळेत पोचायची ती नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि पहिल्या तासाला झोप.

मग तिला ताप भरला. सकाळी बेल वाजली. दारात शूर्ड.

"मारीत आजारी आहे म्हणे. लवकर बरी होऊ दे बिचारी," तो म्हणाला. "दिवा कुठाय?"

वीपकेने दिवा काढून दिला. मागितलं की द्यायचं. लहानपणापासून तिला तेच शिकवलं होतं.

"दिलास?" वरून मारीतचा घोगरा आवाज आला.

"अगं, बाकीची पोरं अंधारात कशी जातील?"

"मी चरात पडले ना, तेव्हा कुणीच थांबलं नव्हतं. शूर्डच्या पोरीने, लोटेने, मागे वळून ओरडून विचारलं, ठीक आहेस ना? मी पाण्यातून हो म्हणाले. मग ती गेली."

वीपके जिन्याच्या पायरीवर बसली. हे पोरीने इतके दिवस सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. ती ट्रॅक्टरवर रागावण्यात गुंतली होती.

"मग आता काय करायचं?" तिने विचारलं.

"तू काही नको करूस. तू बैठक घेशील."

बरी होऊन, परत आलेला दिवा लावून मारीत निघाली त्या सकाळी, बीटाच्या शेतापाशी, जिथे चिखल सगळ्यांत दाट असतो तिथे, तिने बटण दाबून दिवा बंद केला आणि कडेला होऊन थांबली. मागची सगळी पलटण हसत-बोलत काळोखात घुसली. कुणाला फार लागलं नाही. दोघं चरात गेली, त्यांतली एक लोटे. मारीतने काठावरून विचारलं, ठीक आहेस ना?

संध्याकाळी राइन्डर दारात उभा. "वीपके, तिने मुद्दाम बंद केला."

"मारीत, तू मुद्दाम बंद केलास?"

"बॅटरी वाचवत होते," मारीत आतून म्हणाली.

"बॅटरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे," वीपके म्हणाली, आणि दार लावून घेतलं. तिने दार उघडून माफी मागितली नाही.

त्याच आठवड्यात गावातल्या गाड्या एकामागून एक शहराकडे गेल्या, प्रत्येक जण वेगवेगळ्या कामाचं निमित्त सांगून. दुकानदाराकडचे दिवे संपले. लोटेला शूर्डने एवढा मोठा दिवा आणला की तिची पुढची टोपली काढावी लागली. एल्स्केच्या पोरालाही आला, पांढराच. आणि राइन्डरचा निरोप आला की पालकांच्या दिवा समितीचं काम यशस्वीपणे पूर्ण झालेलं आहे, सहकार्याबद्दल सर्वांचे आभार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीपके वरच्या खिडकीत उभी राहिली. बंधाऱ्यावरून उजेडाची माळ सरकत होती. शेतातून निघालेला ट्रॅक्टर ती माळ बघून निमूटपणे कडेला थांबला. किती दिवसांनी तिला हायसं वाटलं. मग तिने दिवे मोजले. एक कमी होता.

माळेच्या शेवटी, लोटेच्या रुंद पाठीच्या आडोशाला, वाऱ्यापासून सुरक्षित, एक सायकल बिनादिव्याची मजेत चालली होती.

संध्याकाळी तिने जाब विचारला. मारीत बूट काढत म्हणाली, "एवढा सगळ्यांचा उजेड असतो, आई. मी माझा कशाला जाळू?"

वीपकेला रागवायचं होतं. तिने पोरीकडे नीट बघितलं. गाल कोरडे, नाक नेहमीच्या रंगाचं, डोळ्यांत झोप नाही. पोरगी गावात मुरली होती. वीपके स्वयंपाकघरात गेली आणि वाटाण्याचं सूप गरम करायला ठेवलं.