मास्तरांची छत्तीस इंची कंबर

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ती, कापडी, साठ इंचांची. आता मी दुकानातल्या खिळ्याला लटकते. मित्रांनो, हात नसूनही माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले तेव्हा मी अगदी नेमकी होते. तिथून मी आमच्या शिंपीमास्तरांच्या गळ्यात आले. त्यांच्या हाताला सफाई अशी, की लोक दुरून दुरून कपडे शिवायला येत. बावीस वर्षं त्यांनी मला ओढलं, ताणलं, घामाने भिजवलं. कापड ते कापडच. मी हळूहळू लांबले. गंमत म्हणजे हे कुणालाच कळलं नाही, कारण गिऱ्हाइकाचं माप माझ्यानेच घ्यायचं आणि कापडावर खुणाही माझ्यानेच करायच्या. कपडे बरोब्बर बसायचे.

इकडे मास्तर पन्नाशीला टेकले. सकाळी मशीनवर बसले की उठायचं नाव नाही. दुपारचा डबा चार वाजता उघडायचा, तोवर चहावर चहा. चालणं म्हणजे मशीनपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत. ऊन अंगावर पडायचं नाही, झोप कधी पुरी व्हायची नाही. दर थंडीत खोकला मुक्काम ठोकायचा आणि मी गळ्यातच असल्यामुळे प्रत्येक ढास मला जाणवायची.

बायको म्हणायची, "अहो, दोन जिने चढलात की धाप लागते तुम्हाला. जरा चालायला जात जा."

मास्तर लगेच मला कमरेभोवती गुंडाळायचे. "बघ, छत्तीस! पंचविशीतही छत्तीसच होती. वाढलाय का एक तरी इंच?"

ते फुगत होते, मी लांबत होते आणि आकडा तोच राहत होता. मी खोटं बोलत होते, आणि मला ते ठाऊक होतं.

मग एकदा बोटाला सुई लागली. महिना उलटला तरी जखम भरेना. बायकोने त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. मला गळ्यातून काढायचंही त्यांना सुचलं नाही. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आपल्या टेपने कंबर मोजली आणि म्हणाल्या, "साडेअडतीस."

"माप तुम्ही मला शिकवणार, बाई?" मास्तर हसले. त्यांनी मला गुंडाळलं. "हे घ्या. छत्तीस!"

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. तिचे बारा इंच संपले तिथे माझे सव्वाअकराच भरले. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"साखर वाढलीय, म्हणून जखम भरत नाही आणि आजार पाठ सोडत नाहीत. गोळ्या देते. पण वेळेवर जेवण, रोजचं चालणं, पुरेशी झोप, हे काही गोळीत मिळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तेव्हा कुणी कात्रीने माझे तुकडे केले असते तरी मी हूं की चूं केलं नसतं.

त्यांच्या गळ्यात नवी टेप आली. महिनाभर मास्तर एकच्या ठोक्याला जेवले. संध्याकाळी बायकोबरोबर चालून आले, वेळेवर झोपले. जखमेवर खपली धरली. मला फार बरं वाटलं. मग शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आली, साडेतीनशे. एक दिवस चालणं राहिलं, मग आठवडा गेला. आज चार वाजून गेलेत आणि डबा तसाच बंद आहे. मघाशी पुन्हा बोटाला सुई लागली. मास्तरांनी चिंधी गुंडाळली आणि पाय मशीनवर चालूच ठेवला. भीतीने माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, ते गणवेश तुमचेच आहेत. मला बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार? पण तुम्ही गणवेश घालून बघायला याल, तेव्हा मास्तर म्हणतील, "सरळ उभा राहा, हात वर कर." उभे राहा. हात वर करा. आणि विचारा, "मास्तर, तुम्ही जेवलात का?"

डबा उघडेपर्यंत जागचे हलू नका.