आत्याबाईंचे दोन ठोके

मी एक जुना दगडी खल आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, आठवणी काढून उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ते व्हायचं नाही. माझ्या अंगावर काठापासून बुडापर्यंत एक तडा आहे आणि तो कुणामुळे गेला हे मी विसरलेलो नाही.

माझा दगड शीळफाट्याजवळच्या डोंगरातला. काळुराम पाथरवटाने मला घडवलं. वीतभर उंची, जाड बूड आणि हाताला जड लागेल असा दगडीच बत्ता. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या सरस्वतीने मला विकत घेतलं. तिचे दात पडले होते आणि विड्याशिवाय तिचा दिवस जात नसे, म्हणून पान, सुपारी, कात सगळं माझ्या पोटात कुटून ती तोंडात टाकायची. पुढे तिच्या अंगावरून वारं गेलं. डावं अंग गेलं, जीभही गेली, उजवा हात तेवढा शाबूत राहिला. मग ती बत्त्यानेच बोलू लागली. एक ठोका म्हणजे हो. दोन ठोके म्हणजे नाही. अख्खी सुपारी टाकून कडाकडा फोडायला लागली की ती रागावलेली. कुटून झालेल्या विड्यावर बत्ता नुसता कडेने घासत फिरवला की समजावं, म्हातारीचा राग निवळतोय.

ही भाषा एकाच माणसाला पुरती कळायची, तिच्या सुनेला, मनुबाईला. नवरा भिवाजी होडी घेऊन खाडीत जायचा आणि मनुबाई डोक्यावर पाटी घेऊन गावात मासळी विकायची. घरी आली की सासू-सुनेच्या गप्पा रंगायच्या. एकीचं तोंड चालायचं आणि दुसरीचा बत्ता. त्या घरात एक नियम मात्र कडक होता. मला कुणी रिकामं कुटायचं नाही. "खलाच्या पोटात कायतरी पायजे," मनुबाई सांगायची. "मोकला खल कुटला तर तो फुटतो, आनि घराला बी बरा नाय."

आता एकोणीसशे एकोणपन्नासचा आषाढ ऐका. माझं पोट गुळगुळीत झालं होतं म्हणून मनुबाईने मला पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून आणलं होतं. परतताना ती नेहमीप्रमाणे अण्णा टिपणिसांच्या मागच्या दारी खाडीची कोलंबी द्यायला थांबली. अण्णा कचेरीत नोकरीला होते आणि तलावाकाठच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक विनोदी नाटक लिहून बसवायचे. ओटीवर तालीम चालली होती. नाटकात एक करारी आत्याबाई होत्या, पण ते काम करणारे गृहस्थ तापाने आडवे झाले होते, म्हणून अण्णांचं डोकं फिरलेलं. नायक झालेल्या सुधीरने आपलं वाक्य तसंच रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "आत्याबाई, आज मी हिला सिनेमाला नेऊ का?"

मागच्या दारी मनुबाई माझी नवी टाकी बघत होती. चंचीतली सुपारी तिने माझ्यात टाकली आणि बत्ता मारला. धाड. धाड. बरोबर दोन ठोके.

ओटीवर जो हशा पिकला तो थांबेना. अण्णा धोतराचा सोगा सावरत मागे धावत आले. "अगं चेंदणीवाली, परत मार! तस्साच मार!"

त्या घरात तिला चेंदणीवालीच म्हणत. हे ध्यानात ठेवा.

त्या वर्षापासून नाटकातल्या आत्याबाई कधी दिसल्या नाहीत. त्या माडीवर बसतात, खाली येत नाहीत आणि बत्त्याने घर चालवतात, असं अण्णांनी लिहून टाकलं. रंगमंचाच्या मागे, फळ्यांवर फडकं टाकून, मनुबाई मला पुढ्यात घेऊन बसायची. डाव्या हाताच्या पंजाने माझं तोंड अर्धं झाकायची आणि सुधीरचं वाक्य संपायच्या आत नाही की मागून नाही, नेमक्या त्या घटकेला ठोका द्यायची. राग असेल तर अख्खी सुपारी, लोभ असेल तर मऊ विडा. कुणी शिकवलं तिला? सरस्वतीने शिकवलं, खाटेवर बसून. दरवर्षी तेच कुटुंब, नवा घोटाळा आणि माडीवर त्याच आत्याबाई. लोक वेडे झाले. नाटक कल्याणला गेलं, डोंबिवलीला गेलं. बायका एकमेकींना विचारायच्या, "आत्याबाई दिसायला कशा असतील गं?" एका घरी तर म्हणे मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पहिली पत्रिका आत्याबाईंच्या नावाने मंडळाकडे आली.

आणि मनुबाईला काय मिळालं?

मंडळाची एक पद्धत होती. शेवटचा पडदा पडला की अण्णा माईकपुढे उभे राहायचे, एकेकाचं नाव घ्यायचे आणि त्याच्या हातात नारळ द्यायचे. सुधीरला नारळ, पेटीवाल्याला नारळ, पडदा ओढणाऱ्या मारुतीलाही नारळ. मांडवावरचा कर्णा खाडीपर्यंत ऐकू जायचा. भिवाजी सांगायचा, कोळीवाड्यात सरस्वती खाटेवर जागीच असायची. माझे ठोके कर्ण्यातून ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. मग नावं सुरू झाली की हसू थांबवून कान द्यायची. नावं संपायची. सुनेचं नाव यायचं नाही. मनुबाई मला घेऊन घरी आली की म्हातारी तिच्याकडे नुसती बघायची.

तिसऱ्या वर्षी मनुबाईने धीर करून विचारलं. "अण्णा, औंदा माजा बी नाव घ्या की. मना नारल नको. सासू ऐकते तिकरं."

"अगं, तुला कळत कसं नाही?" अण्णा हसले. "आत्याबाई कोण ते कळलं की गंमतच संपली. आत्याबाई दिसायच्या नाहीत, असं ठरलंय ना आपलं?"

मनुबाईने मान हलवली. तिला ते पटलं. मी मात्र तिथेच विंगेत पडून होतो. ती गेल्यावर अण्णा सुधीरला हळूच काय म्हणाले ते मी ऐकलं. "भल्या घरच्या आत्याबाई म्हणजे आपली मासळीवाली, हे चार लोकांत सांगायचं कसं रे?" तिची कोलंबी त्यांच्या ताटात चालायची, तिचा हात त्यांच्या नाटकात चालायचा, फक्त तिचं नाव त्यांच्या माईकला चालत नव्हतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. दगड असल्यामुळे गप्प बसलो, आणि त्याचाही मला राग आहे.

सरस्वती पंचावन्न सालच्या माघात गेली. सहा गणपती तिने कान देऊन काढले. जायच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ घेतलं, पण तिच्या हातात बत्ता पेलेना.

त्या वर्षीचं नाटक मनुबाईने केलं, पण माझ्यावरचा तिचा हात जड झाला होता.

मग आलं छप्पन साल. मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी सुहासिनीबाई यांना रंगमंचावर यायची हौस आली. हस्तपत्रकं छापली गेली. 'यंदा आत्याबाई प्रत्यक्ष दर्शन देणार!' सात वर्षं जे दाखवायचं नव्हतं, ते आता दाखवायचं ठरलं. गंमत संपायची भीती कुठे पळाली, कोण जाणे.

मारुती कोळीवाड्यात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "खल तेवढा मागितलाय बाई. तुम्ही नाय आलात तरी चालंल म्हणतात."

मनुबाईने मला पुसलं, फडक्यात बांधलं आणि सोबत सुपारीची पुडी दिली. "त्यांना सांग, मोकला कुटू नका."

मारुतीने निरोप सांगितला. सुहासिनीबाईंनी पुडी उघडून पाहिली. "शी! ही टणाटण उडेल माझ्या पैठणीवर." पुडी कोपऱ्यात गेली.

मांडव खच्चून भरला होता. पडदा वर गेला आणि खुर्चीत बसलेल्या, पैठणी नेसलेल्या, नथ घातलेल्या आत्याबाई पाहून टाळ्या झाल्या. सुधीर म्हणाला, "आत्याबाई, आज मी हिला सिनेमाला नेऊ का?" सुहासिनीबाईंनी बत्ता उचलून माझ्या रिकाम्या पोटात आपटला.

टण् असा कोरडा, पोकळ आवाज आला. मलाच माझी लाज वाटली.

मागून कुणीतरी ओरडलं, "या नव्हेत! आमच्या आत्याबाईंना बोलवा!" हशा झाला. बाई चिडल्या, आणखी जोरात मारू लागल्या. दुसरा, तिसरा. चौथ्या घावाला माझ्या काठाशी काहीतरी कडाडलं आणि तडा थेट बुडापर्यंत धावला. बत्त्यालाही कळलं असेल, पण बाईंना कळलं नाही. त्यांनी पाचवाही मारला. शिट्ट्या सुरू झाल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी उठलं. आखूड कोळी लुगडं, कंबरेला चंची. मनुबाई बोलावणं नसताना नाटक बघायला आली होती. गर्दीतून वाट काढत ती सरळ रंगमंचावर चढली आणि कुणी अडवायच्या आत सुहासिनीबाईंच्या पुढ्यातून मला उचलून घेतलं. तड्यावरून तिचं बोट फिरलं. तिथेच, सगळ्यांसमोर, ती फळ्यांवर उकिडवी बसली. चंचीतून सुपारी काढून माझ्यात टाकली. पंजाने माझं तोंड अर्धं झाकलं. आणि एकच ठोका दिला.

फुटलेलो असूनही मी जीव खाऊन वाजलो.

शिट्ट्या थांबल्या. मग एक म्हातारी ओरडली, "अगंबाई, याच त्या!" आणि सगळे उठून उभे राहिले. इतक्या टाळ्या मी सात वर्षांत ऐकल्या नव्हत्या. "आत्याबाई! आत्याबाई!" पोरं बाकांवर चढली. सुहासिनीबाई केव्हा उठून गेल्या, कुणी पाहिलंही नाही.

अण्णा हुशार माणूस. त्यांनी वारा ओळखला. नारळ घेऊन, माईक घेऊन धावत आले. "रसिकहो, सात वर्षं आपण ज्यांना जीव लावलात, त्या आपल्या लाडक्या कलावंत, श्रीमती..."

ते थांबले. वाकले. माईकवर हात ठेवल्यासारखं करून हळूच विचारलं, "नाव काय गं तुझं?"

हात नीट बसला नव्हता. कर्ण्यातून ते सगळ्या मांडवाने ऐकलं, तलावाच्या पलीकडे ऐकलं, कोळीवाड्यात ऐकलं. नाव काय गं तुझं?

मनुबाईने वर बघितलं. तिचं नाव जिने ऐकायचं होतं ती आता खाटेवर नव्हती. अण्णांच्या हातात नारळ तसाच होता. तिने बत्ता उचलला आणि सावकाश, मोजून, दोन ठोके दिले.

त्या दोन ठोक्यांचा अर्थ ठाण्यात पोरासोरालाही पाठ होता. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. तिने मला पदरात घेतलं आणि ती खाली उतरली. लोकांनी तिला वाट दिली.

त्यानंतर आत्याबाईंचं नाटक झालं नाही. अण्णा एकदा कोळीवाड्यात येऊन गेले, दारातूनच. मनुबाईने त्यांना पाणी दिलं आणि कोलंबी त्यांच्या घरी देणं बंद केलं. मी आता कुटायच्या कामाचा राहिलो नाही. ती माझ्यात मीठ ठेवते. तड्यातून थोडं थोडं गळतं, पण ती मला टाकत नाही.

मित्रांनो, खल रिकामा कुटू नका, तो फुटतो. आणि ज्यांच्या हातचं तुम्ही खाता, ज्यांच्या ठोक्यावर हसता, त्यांचं नाव वेळेवर विचारा, ऐकणारं माणूस घरात आहे तोवर. मी दगड आहे, माझ्यापाशी कर्णा नाही. तरी अण्णांनी सात वर्षांत जे केलं नाही ते मी आज करतो. आत्याबाईंचं काम केलं होतं चेंदणीच्या सरस्वतीची सून, मनुबाई भिवाजी कोळी हिने.