एक दिवसाआड

टेप एक दिवस नीट भरायची आणि दुसऱ्या दिवशी रिकामी निघायची. रोजच रिकामी निघाली असती तर निजामोद्दीनला निदान झोप लागली असती.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा. कंपनीच्या ईमेलसाठी दोन सर्व्हर होते. ईमेल एकावर चालायचा. तो बंद पडला की दुसरा आपोआप काम उचलायचा. शिवाय रोज रात्री सगळा ईमेल तिसऱ्या एका छोट्या मशीनमधल्या टेपवर उतरायचा, म्हणजे दोन्ही सर्व्हर जळाले तरी पत्रव्यवहार वाचेल. हैदराबादच्या हेड ऑफिसने हे सगळं पाठवलं होतं. माणूस तेवढा पाठवला नव्हता. तो जालन्यातल्याच मस्तगड मोहल्ल्यात आयताच मिळाला.

निजामोद्दीनने टेपा बदलल्या, केबल बदलली, टेपड्राइव्ह साफ केला. टेपड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या औरंगाबादच्या माणसाला फोन केला, त्याने टेपा बदलायला सांगितलं. पहिला सर्व्हर एक दिवसाआड संध्याकाळी बंद पडतो, एवढं नोंदीवरून कळत होतं. लाइट गेल्यावर यूपीएसच बंद करत असेल, असं त्याने धरलं. जालन्यात लाइटवर कसलाही आळ घेतला तरी कुणी पुरावा मागत नाही.

मग जनरल मॅनेजर रामरावांनी त्याला बोलावलं. हैदराबादचे साहेब सोमवारी येणार होते. ते टेपवरून जुनं पत्र काढून मागतील. नाही निघालं, तर सर्व्हर हैदराबादला जातील. सर्व्हर गेल्यावर निजामोद्दीनचं इथे काय काम, हे रामरावांनी विचारलं नाही; त्याच्याकडे बघून नुसती सुपारी कातरली.

गुरुवारी ऑफिस सुटलं तरी तो सर्व्हरच्या खोलीतच थांबला. बसवेना म्हणून उभा राहिला, उभं राहवेना म्हणून कपाटामागच्या केबली पुन्हा मोजू लागला. तेवढ्यात दार उघडलं. रामराव चपला बाहेर काढून आत आले. त्यांनी पहिल्या सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवला, बैलाच्या ठेवावा तसा, आणि बटण दाबलं. सर्व्हर शिस्तीत बंद झाला.

"साहेब, हे काय करून राह्यले?" निजामोद्दीन कपाटामागूनच म्हणाला.

रामराव दचकले नाहीत. "आराम देऊन राह्यलो, गरम झाला हा. काल याचा जोडीदार निजवला, आज हा. सकाळी येऊन चालू करतो."

"रोज?"

"कारखान्यात उमर गेली माझी, निजामभाई. दोन पंप असले की आळीपाळीनं चालवायचे. एकच दामटला तर बेअरिंग जातं. तुम्हाला कॉलेजात शिकवलं न्हाई का?"

कॉलेजात शिकवलं नव्हतं, हे खरंच होतं. यात बेअरिंग नाही, पंखा आहे, असं निजामोद्दीन म्हणाला. मंग पंख्याला बेअरिंग नसतं का, असं रामरावांनी विचारलं. तेही खरं होतं.

ते गेल्यावर तो टेपच्या मशीनसमोर बसला. ईमेल पहिल्या सर्व्हरवरूनच घ्यायचा, असं त्याने त्या मशीनला सांगून ठेवलं होतं. पहिला झोपला की ईमेल दुसऱ्यावर, आणि टेप झोपलेल्याच्या दारात. त्याने पहिल्याचं नाव खोडून दोघांचं सामायिक नाव घातलं: ईमेल ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे जा. शुक्रवारी सकाळी टेप भरलेली होती. शनिवारीही. रविवारी सुटी असून तो बघायला गेला, भरलेली होती. तरी तो दोनदा गेला.

सोमवारी साहेबांनी शनिवारचं एक पत्र काढायला सांगितलं. निघालं. रामरावांनी आरामाची पद्धत समजावून सांगितली, तेव्हा निजामोद्दीनने जमिनीकडे पाहिलं. साहेब मात्र खूश झाले. एक बंद पडल्यावर दुसरा काम उचलतो का, याची रोज चाचणी घेणारं ऑफिस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. सर्व्हर जालन्यातच राहतील, निजामोद्दीनही राहील, असं ते म्हणाले.

"एक बोलू का, साहेब," रामराव म्हणाले. "मशीन दोन, अन् माणूस एकच. हे बराबर न्हाई."

मंगळवारी रामरावांचा पुतण्या मच्छिंद्र कामावर हजर झाला. निजामोद्दीनला आराम मिळाला.

घरी त्याने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. नोकरी राहिली ना, असं रहिमुन्निसाने विचारलं. राहिली, एक दिवसाआड, म्हणत तो दारापर्यंत गेला आणि परत आला. सगळी हकीकत तिने आदल्या दिवशीच ऐकली होती. चौथ्या फेरीला तिने त्याला थांबवलं, पाठीवर तळहात ठेवून पाहिला आणि अजून गरमच आहे, असं सांगितलं.