स्प्रिंगचा चिमटा

जयवंता गेल्याचे मला नत्थुजीने सांगितले. म्हणजे तोंडाने सांगितले नाही. मी मोझरीच्या अलीकडे रोलरच्या मागे उभा होतो. सडकेवर खडी पसरणे चालू होते. तिवस्याच्या बसस्टँडवर नत्थुजीचे सायकलचे दुकान आहे, आणि ते उघडे टाकून तो कधी कुठे जात नाही. त्या दिवशी तो उन्हात सायकल मारत आला, उतरला, आणि निंबाला टेकवलेल्या माझ्या सायकलचे पुढचे चाक अंगठ्याने दाबून पाहू लागला.

"हवा कमी हाये, मुकादम," तो म्हणाला.

"मंग भरून दे."

तो तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "पोस्टात फोन आलता अमरावतीहून. चाला."

त्याने वर पाहिले नाही. मला कळले. मी मजुरांना खडी कुठपर्यंत टाकायची ते दाखवले आणि निघालो. त्या वेळी खडीचे काय काम होते, मला माहीत नाही.

जयवंता माझी बायको. तिवस्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाई होती. आसपासच्या गावांत जाऊन बाळंतपणे करायची. काविळीने तिला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवले होते. डॉक्टर म्हणाले होते, उतार पडेल. उतार पडला नाही.

धम्म घेतल्यापासून आमच्याकडे तेरवी बंद झाली. तेरवीच्या जागी जलदानाचा विधी असतो, त्याला लोक जमले. आमच्या वस्तीचे तर होतेच, पण वरखेडच्या आणि पलीकडच्या गावांतल्या बायाही आल्या. कोणी पाटलाची सून, कोणी माळ्याची. त्या आधी कधी आमच्या वस्तीत आल्या नसतील. कडेवर पोरे होती, ती जयवंताच्या हातची. सगळ्या म्हणत होत्या, बाईंची सायकल दिसली की जीव भांड्यात पडे.

सायकलचे नाव निघाले आणि मी बोलू लागलो. मला बोलायला तेवढीच एक गोष्ट होती.

"येवढ्या खाचखळग्यातून फिरली, पण कधी कंबर दुखली म्हनली नाई," मी म्हणालो. "काहून? स्प्रिंगचा चिमटा. अकोल्याहून आणला होता मी, तिच्यासाठी. या भागात दुसऱ्या कोणाच्या सायकलले नाई."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. वरखेडची जाईबाई, जी जयवंताबरोबर सुईण म्हणून राबायची, तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले, रडते आहे. मी आणखी सांगितले. स्प्रिंगा कुठल्या, पट्ट्या कशा, तेल कुठे सोडायचे, सगळे सांगितले. नत्थुजी दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

सायकलचे पुढचे चाक ज्या दोन दांड्यांच्या मध्ये फिरते, त्याला चिमटा म्हणतात. सगळा धक्का आधी त्यालाच बसतो. जयवंताची नेमणूक झाली आणि तिने सायकल शिकून घेतली, तेव्हा नत्थुजीने तिच्यासाठी एक जुनी लेडीज सायकल उभी केली. फक्त चिमटा बसवायचा राहिला होता. त्याने एक साधा चिमटा काढून ठेवला होता, जाड दांड्यांचा. आणि मी अकोल्याहून दुसरा आणला होता. तिथे एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. कोण्या गिरणीच्या साहेबाच्या विलायती सायकलचा होता म्हणे. हँडलच्या खाली दोन स्प्रिंगा, आणि चिमटा चार पट्ट्यांवर झुलता. हाताने दाबला की खाली बसायचा आणि परत वर यायचा.

दुकानात चार माणसे जमली. नत्थुजीने दोन्ही चिमटे फळीवर ठेवले.

"मुकादम, बाईसाठी सायकल घेता का पाळना?" कोणी तरी म्हणाले.

"पाळन्याचंच काम हाये तिचं," मी म्हणालो. लोक हसले. जयवंताही हसली.

तिने साधा चिमटा हातात धरून पाहिला. "अवो, हाच बरा वाटते मले. सरळ हाये."

"तुले सडकेचं काय समजते? माह्यं आयुष्य खडीत चाललं. हात झिणझिणतात रात्री. पिशवीत तुह्या बाटल्या, सुया. एका महिन्यात फुटतीन."

ती नत्थुजीकडे पाहून म्हणाली, "बसवा मंग मुकादमाचा."

मी स्वतः त्या सायकलवर बसून बसस्टँडपासून नाक्यापर्यंत जाऊन आलो. खडीच्या सडकेवर हातांना काही लागले नाही. जणू कोणी खालून हात दिला होता. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं."

त्या चिमट्याची निगा मोठी होती. पट्ट्यांच्या बोल्टात धूळ गेली की तो कुरकुरायचा. चामड्याच्या चकत्या झिजायच्या. बाजाराच्या दिवशी मी सायकल उलटी करून बसायचो, सगळे पुसायचो, तेल सोडायचो. तरी दुसऱ्या दिवशी आवाज यायचाच. पण मला तो आवाज आवडू लागला होता. संध्याकाळी ती परत येताना विहिरीच्या वळणावरून कुईंकुईं ऐकू यायचे. ते ऐकले की मी चुलीवर चहाचे आधण ठेवायचो. ती दारात येईपर्यंत पाण्याला उकळी फुटायची. शेजारी हसायचे. नवरा चहा करतो याचे त्यांना हसू यायचे. मी म्हणायचो, हसा.

आमच्या ओव्हरसियरलाही मी तो चिमटा दाखवला होता. पाहुणा आला की दाखवायचो. जयवंता त्या वेळी पाणी आणायला आत जायची.

तिच्या जागी चैत्रात बेबीताई आल्या. तेल्हाऱ्याकडच्या, वयाने लहान, एकट्या. त्यांना सायकल येत होती पण सायकल नव्हती. पायी फिरत होत्या. एक दिवस घरी आल्या, जयभीम केला, आणि उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "मुकादमदादा, मांगू नये, पण पावसाळा लागला का पायी जमनार नाई. वरखेडच्या दोघीतिघी जेठात मोकळ्या होतीन. बाईंची सायकल भेटली तर…"

मला बरे वाटले. सायकल ओसरीत उभी होती, तिच्याकडे पाहवत नव्हते. "घेऊन जा," मी म्हणालो. "तिचीच इच्छा असती. फक्त चिमट्याची निगा राखाल. असा चिमटा या भागात नाई." आणि मी त्यांनाही सगळे सांगितले. त्या मान हलवत राहिल्या.

हवा भरायला, ब्रेक पाहायला आम्ही सायकल नत्थुजीकडे नेली. त्याने ती स्टँडवर घेतली. मला वाटले, त्याचे मन लागत नाही. त्याने चाकांत हवा भरली, चेन घट्ट केली.

"कुठं जाऊन राहिल्या बाई?" त्याने बेबीताईंना विचारले.

"वरखेडले. पांदणीनं."

तो उठला. भिंतीवर खिळ्याला चामड्याच्या पट्ट्याने बांधलेले दोन लाकडाचे तुकडे लटकत होते. त्याने ते काढले, एक एक करून स्प्रिंगांखाली पट्ट्यांच्या फटीत घातले, आणि हातोडीने दोन ठोके दिले. चामड्याचा पट्टा वरून आवळला. मग हँडल धरून पुढचे चाक जमिनीवर आपटले. चिमटा जरासुद्धा हलला नाही.

हे सगळे त्याने न पाहता केले. हात तिकडेच गेले. मग त्याचा हात थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

लाकूड बाभळीचे होते. त्या फटीच्या मापाने तासलेले. कडा घासून काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या. ते नवे नव्हते.

"हे काय होय?" मी विचारले.

"राहू द्या, मुकादम."

"नत्थुजी, काय होय हे?"

तो खाली बसला. पान्याने उगाच एक नट फिरवू लागला. "पांदणीत तो चिमटा चालत नाई. तुमची सडक खडीची. तिथं झकास हाये. पण काळ्या मातीत गाडीच्या चाकोऱ्या पडतात. चाक चाकोरीत गेलं का स्प्रिंग बसते, अन् चाक वाकडं होते. धुऱ्यावरून जानं तं निरा अवघड. बाई पडल्या होत्या ना पहिल्याच महिन्यात."

"पडली? कधी?"

"तुमाले म्हनल्या असतीन, पायरीवरून घसरल्या."

म्हटले होते तिने. मी हळद लावली होती.

"मंग मी म्हनलं, साधा बसवून देतो. तं नाई म्हनल्या. त्यायनं आणला हौसेनं, म्हनल्या. मंग ही लाकडं तासली. जातानी हितं थांबून ठोकून घ्यायच्या. येतानी काढून ठेवायच्या."

"येतानी काहून काढायच्या? ठुली असती तशीच."

नत्थुजीने पाना खाली ठेवला. बेबीताई रस्त्याकडे पाहत होत्या.

"बोल ना गा."

"आवाज बंद होते लाकडानं," तो म्हणाला. "तुमी आवाजावर चहा मांडता म्हने."

दुकानात अजून दोन गिऱ्हाइके होती. त्यांनी माना खाली घातल्या. त्यांना हे ठाऊक होते. बसस्टँडवर रोज दोनदा ती थांबायची, म्हणजे सगळ्या बसस्टँडला ठाऊक असणार. पानवाल्याला ठाऊक, कंडक्टरांना ठाऊक. जलदानाच्या दिवशी मी जे बोललो ते मला आठवू लागले. एकेक वाक्य आठवले. पट्ट्या कशा, तेल कुठे. जाईबाईचा पदर आठवला. ती रडत नव्हती, किंवा रडतही असेल, पण नुसती रडत नव्हती.

मला तिथे उभे राहवेना. मी म्हणालो, "सायकल आज घरी नेतो. एकदा पुसून देतो बाईंना." नत्थुजी लाकडे काढू लागला. मी म्हणालो, राहू दे. मग म्हणालो, काढ. त्याने काढली आणि परत खिळ्याला लावली. त्याच्याच वर, छताजवळ, तो साधा जाड चिमटा टांगलेला होता. गंज लागू नये म्हणून त्यावर तेलाचे फडके गुंडाळले होते.

"तो बाईंनीच ठुवायले सांगतला होता," नत्थुजी म्हणाला. "कोनाले इकू नका म्हने. हा तुटन तेवा बसवू. मी म्हनलं, बाई, हा काई तुटत नाई, मुकादम लय तेल पाजतात त्याले."

तो हसायला गेला आणि थांबला.

रविवारी मी ती सायकल घेऊन वरखेडच्या पांदणीला, वावरांमधल्या गाडीवाटेला, गेलो. लाकडांशिवाय. इतकी वर्षे सडक बांधली, पण तिच्या वाटेने मी कधी गेलो नव्हतो. मला तिकडे काम नव्हते. पहिल्याच चाकोरीत पुढचे चाक खाली गेले, चिमटा बसला, हँडल हातातून फिरले. मी उतरलो. पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, तर दहा हातही जाता आले नाही. एका बाजूला काटेरी कुंपण, एका बाजूला उतार. या वाटेने ती पिशवी हँडलला लावून जायची. मी सायकल हाताने ढकलत चाललो. स्प्रिंगा कुरकुरत होत्या.

वावरात जाईबाई पऱ्हाट्या उपटत होती. तिने मान वर केली. सायकल पाहून तिला काय वाटले असेल कोण जाणे, ती घाईने धुऱ्यापर्यंत आली. मला पाहून थांबली.

"लाकडं नाई लावली का, मुकादम?"

मी हँडल सरळ केले.

"पानी देऊ?"

"नको."

"मनाले लावून घेऊ नका बाप्पा," ती म्हणाली. "आमी हसायचो तिले. म्हनायचो, जयवंता, सांगून टाक ना वं बुढ्याले. तं म्हने, तो मानूस मले म्हनते, हात झिणझिणतात का तुह्ये? रोज इचारते. असं कोन इचारते? चार पट्ट्यायसाठी त्याचं मन काहून मोडू?"

मी तिला जयभीम करून वळलो. हे ऐकून हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. मी रोज विचारायचो, हे खरे आहे. हात झिणझिणतात का, हेच विचारायचो. माझे झिणझिणायचे म्हणून. तू कोणत्या वाटेने जातेस, हे एकदाही विचारले नाही.

परत येताना बसस्टँड टाळून मागच्या गल्लीने आलो. विहिरीच्या वळणावर सायकल कुरकुरली तेव्हा शेजारची बाई दारात आली, आणि मला पाहून आत गेली.

तेव्हापासून मी सायकलला तेल घातलेले नाही. नत्थुजीचा निरोप दोनदा आला, सायकल घेऊन या, तासाभराचे काम आहे, साधा बसवून देतो. बेबीताईंनी पुन्हा विचारले नाही. रस्त्यात भेटल्या की जयभीम करतात आणि पुढे जातात. वरखेडला पायी जातात. परवा त्यांच्या पायाला चिंधी बांधलेली दिसली.

पलीकडे ढग येऊ लागले आहेत. सायकल ओसरीत आहे. साधा चिमटा नत्थुजीच्या छताला टांगलेला आहे. मी अजून दुकानात गेलेलो नाही.