सरळ टोक

आदल्या दिवशी बाबा गच्चीवर टिपेट निवडत होते. पिसांची खोटी माशी ज्याला बांधतात, तो दोरीचा शेवटचा बारीक धागा म्हणजे टिपेट.

"नायलॉन तरंगतं. हे फ्लोरोकार्बन बुडतं, माशाला दिसत नाही, दगडावर घासलं तरी टिकतं. मुक्ता, ओढ."

मी ओढलं. धागा तळहातात रुतला, रक्त आलं, मग फट्कन तुटला.

"बारीकच घ्या की. नाहीतरी मासा सोडूनच देता."

"म्हणूनच जाड. बारीक धाग्यावर तो झुंजून झुंजून मरतो." त्यांनी तुटलेलं टोक माझ्यासमोर धरलं. "बघ, ताणून तुटलं की कुरळं होतं. कापलं की सरळ."

"परीक्षेला येणार आहे का हे?"

"आलं तर नापास होशील बेटा," म्हणून ते हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गंभीर नावाच्या आमच्या नदीच्या काठावर सापडले. कवटी मागून फुटलेली. उजव्या हाताची बोटं दगडावर ठेचलेली. रॉडचे तीन तुकडे. पाण्यावर बारुदानं पोटं फाटलेले रोहू तरंगत होते.

मासे मारायला नदीत बारूद फोडणाऱ्या विक्रांतला बाबा नेहमी अडवायचे. महिन्याभरापूर्वी तो माझ्यादेखत म्हणाला होता, "अंकल, अगली बार मछली के साथ आप भी ऊपर आओगे."

"पाय घसरला," अनिलकाका सगळ्यांना सांगत राहिले. "मोठा मासा लागला, धागा तुटला, दादा दगडावर आपटला." मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या लोकांशी पंगा नको. तुझी आई दिवसभर घरात एकटी असते." भेटायला येणाऱ्यांना मीही तेच सांगितलं. बाबा गेले, घसरले, गेले.

तेराव्यानंतर पोलीस ठाण्यात बयानाला बोलावलं. टेबलावर रॉडचे तुकडे होते. रिळापासून दोरी बोटांनी चाचपत मी शेवटापर्यंत आले. टिपेट वीतभरच उरलं होतं. माशी नव्हती. टोक सरळ होतं, नख कापावं तसं. बाबांच्या ठेचलेल्या हातापासून विक्रांतच्या लोकांनी धागा कापला होता आणि मासा घेऊन गेले होते.

"तो पैर फिसला था?" ठाण्याचे प्रमुख टीआयसाहेब, त्यांनी विचारलं.

"जी साहब, फिसला," काका म्हणाले. टेबलाखाली त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मी हात सोडवून घेतला. "धागा टूटा नहीं, काटा है. मेरे बाबा को मारा है, साहब. विक्रांत का नाम लिखिए."