गॅरेजातला गळका नळ

त्या रविवारी आई-बाबांबरोबर चर्चमधून त्यांच्या घरी परतलो, तर गॅरेजात बिअरचं थारोळं साचलं होतं. जुन्या फ्रिजच्या दारात बसवलेला आईचा नळ ठिबकत होता. आतल्या स्टीलच्या पिंपात तिने स्वतः बनवलेली बिअर होती, ती सिलिंडरमधल्या गॅसच्या दाबाने नळातून यायची; आणि दुपारी टीव्हीवर सामना बघायला सगळे शेजारी आमच्याकडेच येणार होते.

"मी दुकानातून बिअरचे डबे घेऊन येतो," बाबा म्हणाले.

"डबे?" आई गर्रकन वळली. "ड्वेन, या गॅरेजात कधी कुणी डब्यातली प्यायलंय?"

"अगं, पण तुला आता दिसत..." बाबा तिथेच अडखळले.

गेल्या हिवाळ्यात आईची नजर गेली. कडेकडेचं दिसतं, पण जिथे रोखून बघावं नेमकं तिथेच धुकं. आमच्या विस्कॉन्सिनच्या गावात गाडी चालवता येत नसेल, तर माणूस घरातच अडकतो. तिने गाडी सोडली, भरतकाम सोडलं. बिअर तेवढी सोडली नाही.

"कॅरिन, गॅस बंद कर. पिंपाची वरची कडी ओढून दाब सोड. आणि मला पाना दे."

"आई, मी करते ना."

"तू टॉवेल पसर."

तिने नळ खोलला. एकेक तुकडा बोटांनी चाचपून टॉवेलवर ओळीने मांडला. दांड्याखालची चकती सैल लागली. तिने ती आवळली, नळ परत बसवला, मला गॅस सोडायला लावला आणि कान देऊन उभी राहिली.

टप. टप.

"डबे?" बाबांनी हळूच विचारलं.

"तू सॉसेजं शिजव जा!"

नळ परत सुटा झाला. आतल्या भागांवर वाळलेली बिअर चिकटली होती. तिने गरम पाण्यात ब्रशने सगळं घासलं, डबीतून नवं वायसर काढून झडपेवर चढवलं. परत गॅस. परत टप, टप. आईचे ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता पाना फेकणार. तिने तो फक्त दुसऱ्या हातात घेतला.

"कुठून गळतंय, नीट बघून सांग."

"तोंडातून."

"थेंब तोंडातून पडतो गं. पण येतो कुठून?"

ते मला सांगता येईना. तिने सगळा नळ कोरडा पुसला, कागदी रुमालाची घडी केली आणि नळ दाराला जिथे जोडलेला होता, त्या सांध्याभोवती गुंडाळली. थोड्या वेळाने ती चाचपली. घडी ओली झाली होती.

"तोंडाचा काही दोष नाही! पाठीमागून गळतंय, ओघळ खाली उतरतोय."

गॅस बंद करून तिने सांधा उघडला. वायसर तर नवंकोरं होतं. आत काळं रबर, काळोखं भोक. मी टॉर्च मारला, मला काही वेगळं दिसलं नाही. आईने त्यात करंगळीचं नख फिरवलं, आणि ते एका जागी अडलं.

"इथे जुन्याचा तुकडा चिकटलाय. त्याच्यावरच कुणीतरी नवं बसवलंय."

दारात सॉसेजांचा चिमटा घेऊन बाबा उभे होते. "तू डॉक्टरांकडे गेली होतीस तेव्हा," ते म्हणाले, "म्हटलं, तुझं एक काम हलकं होईल."

आईने पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आधी जुनं खरवडून काढ. ये इकडे, बोट घाल. लागलं हाताला?"

बाबांनी चिमटा बाजूला ठेवला. दोघांनी मिळून तो तुकडा खरवडून काढला, वायसर नीट बसवून सांधा आवळला. आईने गॅस स्वतः सोडला. आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. काही ठिबकलं नाही.

पण निम्मं पिंप फरशीवर सांडलेलं होतं. मध्यंतरालाच बिअर संपली आणि बाबांना डबे आणायला जावंच लागलं. आईने त्यांना शेजाऱ्यांदेखत चिकार टोमणे मारले, मग एक डबा स्वतःही फोडला.

निघताना ती मला गाडीपर्यंत सोडायला आली.

"पुढच्या शनिवारी काळी बिअर घालणार आहे. तापमापकाचे आकडे मला वाचता येत नाहीत. येशील?"

नजर गेल्यापासून तिने हुकूम न सोडता माझ्याकडे पहिल्यांदाच मदत मागितली होती.

"सकाळीच येते," मी म्हणाले.

"लवकर ये. आणि तुझ्या बाबांना त्यात हात घालू देऊ नकोस."