मागचा स्क्रू

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. माझ्या गोळीने कधी पाखरूही मेले नाही. मी नेमबाजीच्या सरावाची. उभ्या आयुष्यात मी फक्त कागदाला भोके पाडली.

कारखान्यात माझी नळी घडली आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तिला दोन स्क्रूंनी जोडला गेला, एक पुढे, एक मागे. मग मी सरांकडे आले. सर नेमबाजी शिकवत. दस्त्यावर गाल टेकवून ते श्वास रोखून धरत, तेव्हा त्यांच्या दाढीचे खुंट मला टोचत. वर्षानुवर्षे एकाच जागी गाल टेकून तिथले पॉलिश उडाले आणि लाकडात एक गुळगुळीत, किंचित खोलगट जागा तयार झाली. स्पर्धांमध्ये माझे फार कौतुक झाले. पदके अर्थात सरांच्या गळ्यात पडली. माझी तक्रार नव्हती.

दर रविवारी सर मला उघडत, पुसत, तेल देत. त्यांची लेक शेजारी बसून बघे. सर तिला सांगत, "स्क्रू आवळायचा म्हणजे त्याचा गळा आवळायचा नाही. बसला की थांबायचं."

लेक मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. पुढे सरांचे हात थरथरू लागले, बोटांना काही कळेनासे झाले. त्यांनी मला शेवटचे पुसले तेव्हा मागचा स्क्रू केव्हाच बसला होता. पण ते त्यांना समजलेच नाही. ते आवळतच राहिले. खोलीत दुसरे कुणी नव्हते. मला ओरडता आले असते तर!

त्यानंतर सर अंथरुणाला खिळले आणि मी कपाटात पडून राहिले. दमट हवेने तो स्क्रू गंजला. मग एके दिवशी सर गेले.

परवाना सरांचा होता. तो त्यांच्याबरोबरच संपला. आता मला जमा करावे लागणार होते, आणि आमच्या गावी जमा झालेली हत्यारे भट्टीत वितळवतात. लेकीने कचेरीत अजिजी केली, तेव्हा कारकून म्हणाला, "आम्हाला लोखंड हवंय, बाई. लाकूड काढून घेतलंत तर आमची ना नाही. पण उद्या आणा म्हणजे आणाच."

तिला ती गालाची जागा हवी होती.

तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवे केले. आत गोळी नाही ना, हे आधी नीट पाहिले. पुढचा स्क्रू लगेच सुटला. मागचा हलेना. तेल सोडले, वाट पाहिली. हलेना. गॅसवर खिळा तापवून स्क्रूच्या डोक्यावर टेकवला. तरी हलेना. मुठीला फडके गुंडाळून तिने सगळा भार घातला, तेव्हा स्क्रूड्रायव्हर सटकला आणि स्क्रूच्या खाचेची एक कड उडाली.

"अगं, हा स्क्रू आहे की तुझा बाप?" मदतीला आलेला मामा म्हणाला. "एकदा नाही म्हटलं की नाहीच!"

भाजी निवडणारी आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि लगेच तिने तोंड फिरवले.

मामाने ड्रिल लावले. ते घसरले आणि दस्त्यावर लांब ओरखडा उमटला, गालाच्या जागेच्या अगदी अलीकडे.

"मामा, थांब! हात लावू नकोस तिला!"

लेक इतक्या जोरात किंचाळली की मामा ड्रिल ठेवून बाहेर गेला.

तिने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. खाच आता खाच राहिलीच नव्हती. टोक नुसतेच गोल फिरत होते. तळहातावरचा फोड फुटला. शेवटी टेबलावर कपाळ टेकून ती म्हणाली, "बाबा, सोडा ना हो आता."

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पण लोखंडाला आपली मूठ सैल करता येत नाही.

आई उठली. तिने माळ्यावरून करवत काढून आणली. "स्क्रूच्या मागून काप. गाल त्याच्या मागे आहे."

"अख्खा काढायचा होता गं मला."

"मलाही हे अख्खेच हवे होते."

आईने मला दोन्ही हातांनी दाबून धरले. करवतीच्या पहिल्या ओढीला लेकीने डोळे मिटून घेतले. "डोळे उघड," आई म्हणाली, "वाकडं जाईल."

आता मी कचेरीच्या कोठारात आहे. गालाची जागा घरी राहिली. उरलेले लाकूड अजून माझ्या अंगाला घट्ट धरून आहे. इथल्या माणसानेही मागच्या स्क्रूशी झटापट केली आणि एक शिवी हासडून नाद सोडला. उद्या माझी पाळी.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे हात थरथरू लागले असतील, तर त्यांची आवडती कामे त्यांच्याकडून काढून घेऊ नका. आपले काम थोडे बाजूला ठेवा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा. "बसला हं, बाबा," एवढे सांगायला कुणीतरी जवळ असावे.